होडीतून काठ वाचताना : कोल्हापूरहून निघणाऱ्या नवख्यांसाठी

होडी काठापासून दहा हात दूर जाण्याआधीच कुणीतरी ‘मगर कुठे आहे?’ असे विचारते, आणि तासाभराने तीच व्यक्ती हिरमुसून खाली उतरते. त्याच फेरीत, त्याच होडीत, नावाड्याने मात्र दोन मगरी, एक घोरपड आणि खंड्याच्या तीन जाती पाहिलेल्या असतात. कुठे आणि केव्हा पाहायचे हे त्याला ठाऊक असते, एवढाच काय तो फरक. आणि कोल्हापुरात राहणाऱ्या कोणालाही ही गोष्ट एका हिवाळ्यात शिकता येण्याजोगी आहे. तिच्या पायऱ्या पुढे क्रमाने दिल्या आहेत. त्यांतली पहिली पायरी होडीशिवायची आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात.

होडीआधीचा सराव

हलत्या होडीत, पाण्यावरची तिरीप डोळ्यांवर येत असताना आणि शेजारचे चौघे एकदम बोलत असताना, अनोळखी पक्षी ओळखायला शिकणे फार अवघड जाते. म्हणून होडी ठरवण्यापूर्वी निदान चार-पाच सकाळी काठावर घालवाव्यात. सुरुवात रंकाळ्यापासून करावी, कारण तिथले पक्षी माणसांच्या वर्दळीला सरावलेले असतात आणि बराच वेळ एका जागी दिसतात. काळ्या अंगाचा, पांढऱ्या चोचीचा वारकरी. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असल्यामुळे नावातच ओळख सांगणारे हळदी-कुंकू बदक. पाण्यातल्या गवतातून लाल पाय उचलत चालणारी जांभळी पाणकोंबडी. आणि खांबावर पंख पसरून बसलेला पाणकावळा, एवढे चार पक्षी आधी पक्के करावेत. पाणकावळ्याची पिसे पाण्यात चांगलीच भिजतात, त्यामुळे बुडी मारून आल्यावर त्याला पंख वाळवावे लागतात. ही लकब एकदा लक्षात राहिली की दोनशे मीटरवरची काळी आकृतीसुद्धा ओळखता येते.

त्यानंतर पंचगंगा घाटावर जावे. येथे शिकायची गोष्ट म्हणजे बसलेला आणि उडालेला पक्षी वेगवेगळा दिसतो. मातकट रंगाची ढोकरी काठावर बसली असताना चिखलाशी इतकी मिसळून जाते की पाय पडेपर्यंत कळत नाही, आणि उडाली की तिचे पंख लख्ख पांढरे दिसतात. खंड्या तारेवर बसून खाली टक लावतो. काळा-पांढरा कवड्या खंड्या मात्र पाण्यावर एका जागी हवेत पंख फडफडवत तरंगतो आणि मग दगड पडावा तसा सरळ खाली येतो. हे पाहायला दुर्बीण लागत नाही, फक्त पंधरा मिनिटे जागेवर उभे राहण्याची तयारी लागते.

तिसरा धडा बंधाऱ्याजवळ मिळतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे काय हे येथे वेगळे सांगायला नको. पावसाळा ओसरल्यावर खांबांच्या मधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचे आणि पुढचा पावसाळा येण्यापूर्वी ते काढून घ्यायचे. या व्यवस्थेमुळे हिवाळ्यात एकाच ठिकाणी दोन नद्या पाहायला मिळतात. बंधाऱ्याच्या वर पाणी खोल आणि संथ असते, तर खाली ते दगडांतून झिरपत, पातळ होऊन वाहते. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्याशी सुरक्षित अंतरावर काठावर उभे राहिले, की वरच्या बाजूला बुड्या मारणारे पाणकावळे आणि खालच्या बाजूला शेपटी सतत वर-खाली हलवणारे धोबी, लांब गुलाबी पायांचे शेकाटे आणि दगडांवर टपून बसलेले बगळे दिसतात. कोणता जीव कोणत्या पाण्याशी बांधलेला आहे, हे ज्याला बंधाऱ्यावर उमगले, त्याचे होडीतले निम्मे काम झालेले असते. बंधाऱ्याच्या भिंतीवर मात्र चढू नये. शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरायला क्षणही लागत नाही.

पाणी कोणते निवडावे

कोल्हापुरातून एका दिवसात किंवा मुक्कामी जाता येण्याजोगी तीन ठिकाणे मी नवख्यांना सुचवतो. सुमारे ५० किलोमीटरवर नृसिंहवाडी आहे, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते आणि भाविकांना पलीकडे नेणाऱ्या होड्या असतात. घाट उतरून चार-साडेचार तासांवर मालवणजवळचे तारकर्ली-देवबाग आहे, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. आणि जवळजवळ तितक्याच वेळात चिपळूण गाठता येते, जिथे वाशिष्ठीच्या खाडीत खास मगरी दाखवण्यासाठी होड्या सुटतात. ज्याला मगर पाहायचीच आहे, त्याने चिपळूणला जावे. ज्याला नदी समजून घ्यायची आहे, त्याने वाडीपासून सुरुवात करावी. कुटुंबातल्या लहानांना घेऊन जायचे असेल तर कर्ली बरी, कारण तेथे काही ना काही दिसतेच.

वाडीबद्दल दोन गोष्टी आधी सांगणे योग्य ठरेल. एक म्हणजे पौर्णिमा आणि गुरुवार टाळावा, कारण त्या दिवशी घाटावर पाय ठेवायला जागा नसते आणि नावाड्यालाही आपल्यासाठी वेळ नसतो. दुसरी म्हणजे साधी पलीकडे जाण्याची खेप आणि काठाकाठाने हळू फिरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीचे पैसे व वेळ आधी ठरवून घ्यावे लागतात. संगमाच्या वरच्या अंगाला पंचगंगेत उन्हाळ्याच्या तोंडावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो आणि त्यातून होडी जात नाही. कृष्णेच्या बाजूचे पात्र त्या मानाने मोकळे असते. जलपर्णी हे नदीच्या दुखण्याचे लक्षण आहे, तरीही तिच्या कडेवरून दुर्बीण फिरवायला विसरू नये, कारण लांबलचक बोटांचा कमळपक्षी आणि पांढऱ्या छातीची लाजरी पाणकोंबडी त्या तरंगत्या पानांवरूनच चालतात.

ऋतूचा हिशेब सोपा आहे. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम, कारण पाणी स्थिरावलेले असते, काठ उघडे पडू लागतात, पाहुणे पक्षी आलेले असतात आणि थंड पाण्यातून बाहेर पडून मगरी उन्हाला येतात. एप्रिल-मे महिन्यांत पाणी आणखी उतरते, पण सकाळी नऊनंतर ऊन सोसवत नाही, ना आपल्याला ना मगरीला. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेवर हौसेने होडीत बसण्याचा विचारही करू नये. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या जिल्ह्याला याचे कारण सांगावे लागत नाही. कोकणातही मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत पर्यटनाच्या होड्या बंद असतात.

वेळ : नदीवर सूर्य पाहावा, खाडीत तिथी

नदीवर सकाळी साडेसात ते साडेदहा हा काळ राखून ठेवावा. त्यातही पहिला तास पक्ष्यांचा असतो आणि पुढचे दोन मगरींचे. मगरीचे रक्त आपल्यासारखे स्वतःहून गरम राहत नाही. रात्रभर गारठलेले शरीर तापवण्यासाठी तिला ऊन लागते, आणि ऊन काठावर नीट पोहोचायला थंडीच्या दिवसांत नऊ वाजतात. कोणत्या काठावर ऊन आधी पोहोचते, हा पुढचा प्रश्न. सूर्य पूर्वेला उगवतो, म्हणून सकाळची उन्हे पश्चिम काठावर पडतात आणि पूर्व काठ स्वतःच्याच सावलीत राहतो. वाडीच्या वरच्या भागात कृष्णा साधारणपणे उत्तरेकडून दक्षिणेकडे येते, त्यामुळे तिथे हा नियम चांगला लागू पडतो. सकाळी पश्चिम काठ न्याहाळण्याचा दुसरा फायदा असा, की सूर्य आपल्या पाठीशी राहतो आणि पाण्यावरची चकाकी डोळ्यांत जात नाही. दुपारी चारनंतर हेच उलटे करावे.

खाडीत मात्र सूर्यापेक्षा भरती-ओहोटीचे राज्य असते, आणि घाटमाथ्यावरचा माणूस नेमका येथेच फसतो. मी स्वतः पहिल्यांदा खाडीत गेलो तो ऐन भरतीच्या वेळी. काठोकाठ भरलेले पाणी, बुडालेली तिवरे (खाडीकाठची खारफुटीची झाडे) आणि एकही चिखलाचा पट्टा दिसत नव्हता. होडीवाल्याने पैसे घेताना याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि विचारायचे असते हे मला माहीत नव्हते. मगर उन्हाला येते ती उघड्या चिखलावर, आणि किनाऱ्यावरचे पक्षी किडे-खेकडे टिपतात तेही उघड्या चिखलातच. म्हणून खाडीत जायचे ते ओहोटीला, आणि तेही पाणी उतरत असताना.

ओहोटीची वेळ काढण्यासाठी किनाऱ्यावरची जुनी रीत अजूनही पुरते. पक्षातली तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे भरती सव्वादोनच्या सुमारास, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पंचमीला हीच ओहोटी दहाच्या सुमारास येते. याउलट एकादशीला भरतीच सव्वाआठला असते, म्हणजे आपण ज्या वेळी होडीत बसणार त्या वेळी काठ पाण्याखाली असतो. यात अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, आणि मुखापासून आत गेल्यावर भरती आणखी उशिरा पोहोचते, त्यामुळे चिपळूणसारख्या खूप आतल्या ठिकाणी स्थानिक माणसाला विचारूनच वेळ पक्की करावी. तरीही सुट्टीचा रविवार निवडताना कालनिर्णय उघडून तिथी पाहण्याची सवय फार उपयोगी पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि पाणी बेताने हलते. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर दोन्ही पक्षांतल्या तृतीया आणि चतुर्थी सर्वांत सोयीच्या ठरतात, कारण ओहोटी सकाळच्या वेळेला येते आणि उधाणाचा जोर ओसरलेला नसल्यामुळे चिखलही भरपूर उघडा पडतो.

होडी आणि नावाडी

होडी जितकी लहान आणि माणसे जितकी कमी, तितके दर्शन अधिक. सहा-आठ जणांपेक्षा जास्त माणसे असलेल्या होडीत कोणीतरी सतत बोलत असते, आणि मागे गाणी लावणारी होडी असेल तर पैसे वाचवून घाटावरच बसावे. ठरवताना नावाड्याला तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: काठाजवळ गेल्यावर इंजिन बंद करून वल्ह्यावर किंवा धारेवर होडी सोडणार का, प्रत्येकासाठी लाईफ जॅकेट आहे का, आणि एखाद्या जागी दहा मिनिटे थांबायची त्याची तयारी आहे का. तिसऱ्या प्रश्नाला नावाडी हसला तर समजावे की आजवर कोणी थांबायला सांगितलेले नाही. त्याला कारण सांगितले की तो बहुधा आनंदाने थांबतो. नदीवर वाढलेल्या माणसाला आपण काही दिसण्याची घाई करत नाही हे कळले, की तो ‘काल तिथं बसली होती’ अशा गोष्टी आपणहून सांगू लागतो, आणि त्या कोणत्याही माहितीपत्रकात नसतात.

लाईफ जॅकेटविषयी थोडे अधिक बोलणे भाग आहे. आपल्याकडे गुळाच्या काहिलीत बसून पुराचे पाणी ओलांडणारी माणसे होती, त्यामुळे होडीत जॅकेट चढवणे म्हणजे भित्रेपणा, असा एक समज अजून टिकून आहे. पट्टे न बांधता नुसते गळ्यात अडकवलेले जॅकेट पाण्यात पडताच डोक्यावरून निघून जाते. बसताना पट्टे आवळून, मुलांच्या जॅकेटचा मांड्यांमधला पट्टा असेल तर तोही लावून मगच होडी सोडू द्यावी. उभे राहून फोटो काढू नयेत आणि काही दिसले तरी सगळ्यांनी एकाच बाजूला झुकू नये.

सोबत काय घ्यावे याची यादी लहान आहे. मातकट किंवा फिकट हिरवे कपडे, कडांची टोपी, पाणी, एक वही, आणि दुर्बीण. दुर्बीण ८×४२ मापाची घ्यावी; पहिला आकडा ती किती पट मोठे दाखवते हे सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १०×, १२× पुढे करतो, पण जितकी पट जास्त तितका हाताचा आणि होडीचा कंपही मोठा होऊन दिसतो, आणि दिसणारे क्षेत्रही आक्रसते. दुर्बीण लावण्याची पद्धत घरीच शिकून घ्यावी: आधी नुसत्या डोळ्यांनी वस्तू पकडायची, नजर तिच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. नवखा माणूस खाली दुर्बिणीकडे पाहतो, वर आल्यावर पक्षी हरवतो, आणि दोष दुर्बिणीला देतो.

पाण्यावर गेल्यावर

होडी सुटली की सर्वप्रथम दिशा सांगण्याची एक पद्धत सगळ्यांत ठरवून घ्यावी, कारण ‘तो बघ, तिकडे, त्या झाडापाशी’ या वाक्याने आजवर कोणाला काही दिसलेले नाही. होडीचे टोक म्हणजे घड्याळातले बारा, उजवा काठ तीन, डावा काठ नऊ, आणि पाठीमागे सहा. ‘दहा वाजता, पाण्याच्या कडेला’ एवढे हळू आवाजात सांगितले तरी सर्वांच्या माना बरोबर वळतात. बोट किंवा हात झटकन उंचावू नये; प्राण्यांना आवाजाइतकीच अचानक हालचाल खटकते.

त्यानंतर नजर. होडी जिथे आहे तिथे पाहण्यात अर्थ नाही. ती जिथे दोन मिनिटांनी पोहोचणार आहे तिथे पाहावे. ओंडक्यावर ऊन खात बसलेली कासवे इंजिनाची पहिली थरथर लागताच पाण्यात घसरतात, त्यामुळे ती दिसतात ती पन्नास-साठ मीटर पुढे नजर ठेवणाऱ्यालाच. काठ एकदम पूर्ण पाहू नये. तीन पट्टे कल्पावेत: पाण्याची कड, उघडा काठ, आणि वरची झाडी. आधी कड संथपणे न्याहाळावी, मग काठ, शेवटी झाडी. माझ्या पहिल्या फेरीत मी सगळा वेळ झाडांकडे पाहत होतो आणि वल्हे मारणारे मामा शेवटी न राहवून म्हणाले, “वर काय बघतायसा पाव्हणं? कडंला बघा, पाणी जितं मातीला लागतंय तितं.” नदीवरचे निम्म्याहून अधिक जीव त्या हातभर पट्ट्यात वावरतात.

नदीच्या वळणांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तेथे दोन काठांचे स्वभाव वेगळे असतात. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार आदळते आणि काठ कापला जाऊन उभा राहतो. आतल्या अंगाला धार मंद होते आणि वाळू-गाळ साचून उतार तयार होतो. उभ्या मातीच्या काठात मुठीएवढी बिळे दिसली तर ती खंड्याची किंवा वेड्या राघूची घरटी असू शकतात, आणि त्यांच्यासमोर दहा मिनिटे होडी थांबवली की चोचीत मासा किंवा माशी धरून कोणीतरी आत शिरताना दिसते. आतल्या उतारावर मात्र मगरीचा शोध घ्यावा. वाळूचा उपसा झालेल्या ठिकाणी हा उतारच उरलेला नसतो, आणि मग मगर गाळाच्या कपारीत किंवा उसाच्या फडालगतच्या ओल्या जागेत जाऊन बसते, जिथे ती दिसत नाही आणि शेतकऱ्याच्या अंगावर काटा येतो.

मगर ओळखताना

‘सुसर’ हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरला जातो, पण खरी सुसर लांब, काठीसारख्या निमुळत्या तोंडाची असून ती चंबळ आणि गंगेच्या खोऱ्यात सापडते. कृष्णेत आणि वाशिष्ठीच्या खाडीत दिसते ती रुंद तोंडाची मगर. तिचे मूळ घर गोडे पाणी, पण खाडीतले मचूळ पाणीही तिला चालते. पूर्ण वाढलेली मगर तीन ते चार मीटरपर्यंत भरते. होडीतून पाहणारा नवखा माणूस तिला हमखास सहा मीटरची करतो.

काठावरची मगर ओळखणे सोपे आहे, पाण्यातली ओळखणे अवघड. पाण्यात तिचे बहुतेक अंग बुडालेले असते आणि वर राहतात ते फक्त दोन डोळ्यांचे उंचवटे आणि पुढे नाकपुड्यांचा एक. ओंडका समजून सोडून देण्याआधी त्याच्यामागची एखादी झाडी किंवा दगड खूण म्हणून धरावा आणि अर्धा मिनिट पाहावे. मामांनी हे एका वाक्यात सांगितले होते: “लाकूड धारंसंगट जातंय, ही हाय तितंच हाय.” ओंडका धारेबरोबर सरकतो, मगर धारेला आडवी किंवा उलटी स्थिर राहते, आणि इंजिनाचा आवाज वाढला की लाट न उठवता खाली जाते. एकदा खाली गेली की तिची वाट पाहत बसू नये, कारण ती सहज दहा-पंधरा मिनिटे पाण्याखाली राहू शकते. काठावर ओल्या चिखलात पोटाची रुंद घसर आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंजांचे ठसे दिसले, तर मगर नुकतीच पाण्यात उतरली आहे असे समजावे आणि परतीच्या वाटेवर इंजिन बंद ठेवून तीच जागा पुन्हा पाहावी.

जबडा उघडा ठेवून पडलेली मगर पाहिली की होडीत एकच गलका होतो. ती चिडलेली नसते; तापलेल्या शरीरातली उष्णता तोंडाच्या ओल्या अस्तरावाटे बाहेर टाकत असते. खरी नाराजी ओळखण्याची खूण वेगळी आहे: डोके उचलणे, अंग जमिनीवरून वर घेणे, तोंड पाण्याकडे वळवणे. यांतले काहीही दिसले तर आपण फार जवळ आलो आहोत, आणि नावाड्याला होडी मागे घ्यायला सांगावे. मी स्वतः पंचवीस-तीस मीटरच्या आत जाऊ देत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी काठावरच्या मातीत खड्डा करून साधारण पंचवीस-तीस अंडी घालते, ती सुमारे दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर फुटतात, आणि तोवर ती आसपास राखणीला असते. त्या दिवसांत काठावर उतरून फोटो काढणे हा शुद्ध वेडेपणा आहे. होडीच्या बाहेर हात-पाय सोडणे, कोंबडीचे तुकडे किंवा उरलेले जेवण टाकणे, खडे मारून तिला हलवणे, हे तर कधीच करू नये. माणसाकडून खाणे मिळते हे शिकलेली मगर उद्या त्याच घाटावर धुणे धुणाऱ्या बाईजवळ येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मगरीचा समावेश आहे, आणि तिला पकडणे, इजा करणे किंवा तिची अंडी हलवणे हा गुन्हा ठरतो. वस्तीजवळ मगर आलेली आढळली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

बाकीचे रहिवासी

मगरीच्या नादात ज्यांच्याकडे दुर्लक्ष होते, त्यांच्यात घोरपड पहिली. ती उन्हाने तापलेल्या दगडावर किंवा आडव्या फांदीवर निश्चल पडलेली असते, आणि पाण्यातही उत्तम पोहते. पाण्यातून डोके वर काढून वळवळत जाणारा चौकटीच्या नक्षीचा साप बहुधा विरोळा असतो. तो बिनविषारी आहे आणि त्याच्यावर वल्हे उगारण्याचे काहीच कारण नसते. नदीवर काळी टोपी आणि पिवळी चोच असलेला नदी सुरय धारेवरून वर-खाली गस्त घालतो. हिवाळ्यात वाळूवर नारिंगी-तपकिरी चक्रवाकाची जोडी दिसू शकते, आणि चिखलाच्या कडेला शेपटी झुलवत धावणारा लहान पक्षी बहुधा तुतवार असतो.

कोकणातल्या खाड्यांत पाणमांजर दिसणे हा भाग्याचा भाग आहे, पण त्याच्या खुणा शोधता येतात. पाण्यालगतच्या दगडांवर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसली, तर ती त्यांची रोजची जागा असते. पाणमांजरे बहुधा टोळीने असतात, पाण्यातून एकामागून एक डोकी वर काढतात, आणि शिट्टीसारखा आवाज काढून एकमेकांना साद घालतात. पोहणाऱ्या कुत्र्याशी गल्लत होऊ नये म्हणून शेपटीकडे पाहावे. बुडी मारताना पाणमांजराची जाड, निमुळती शेपटी पाण्यावर कमान करून जाते.

ओहोटीच्या चिखलावर तर लहान मुलांनाही कंटाळा येत नाही. पाण्याबाहेर परांवर सरपटत उड्या मारणारे मासे म्हणजे निवट्या, आणि एकच नांगी अवाढव्य असलेले रंगीत खेकडे नर असतात, जे ती नांगी हलवून मादीला बोलावतात. तिवरांच्या फांद्यांवर काळ्या डोक्याचा, गडद निळ्या पाठीचा खंड्या शोधावा, जो कोल्हापुरात सहसा भेटत नाही. वर पाहावे ते विटकरी अंगाच्या, पांढऱ्या डोक्याच्या ब्राह्मणी घारीसाठी. देवबागच्या संगमाबाहेर सकाळच्या शांत समुद्रात डॉल्फिन दिसतात. चार होड्यांनी त्यांना घेरायचे ठरवले तर आपल्या होडीला बाजूला थांबवावे, कारण थांबलेल्या होडीजवळ ते कित्येकदा आपणहून येतात.

फोटोविषयी एवढेच सांगतो: तिपाई घरी ठेवावी, कारण होडीचा कंप तिच्यातून थेट कॅमेऱ्यात जातो, शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवावा, आणि मोबाइलने मगर टिपण्यात वेळ घालवण्याऐवजी ती नीट पाहून घ्यावी.

होडीतून उतरल्यावर लगेच, चहा सांगण्याआधी, वही उघडावी. तारीख, तिथी, वेळ, कोणत्या काठावर काय दिसले, पाणी उतरत होते की चढत, आणि किती वेळ थांबल्यावर दिसले, एवढ्या नोंदी पुरतात. नदीच्या बाबतीत वरच्या अंगाला कोयना धरणातून पाणी सुटले होते का, हेही लिहावे, कारण पातळी हातभर वाढली तरी कालचे वाळूचे बेट आज बुडालेले असते आणि मगरी दुसरीकडे गेलेल्या असतात. पैसे चुकते करताना नावाड्याला येत्या आठवड्यात पाणी कुठवर उतरेल असे विचारावे, आणि तो जी जागा सांगेल ती वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावी.